युनानी, जुने, नग एक

अक्का,

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तुमच्यावर दोन पानं लिहायला प्राचार्यांनी मला सांगितलंय. "बिरप्पा, तुमच्याइतकं जवळून त्यांना कुणी पाहिलंय? इतकी वर्षं एका टेबलाला बसलात." खरं आहे ते. तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, भालकीच्या या ग्रंथालयात कधी रुजू झालात, हे सगळं ऑफिसातल्या फाईलीत आहे. ज्याला लिहायचं तो लिहील. तुमच्याबद्दल त्याच फाईलीत एक खोटी गोष्टही आहे, आणि ती तिथं माझ्यामुळं गेली. मला तेवढंच लिहायचंय.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. तुम्ही निवृत्त झाल्यावर तुमच्या खुर्चीत मी बसायला लागलो, त्यालाही आठ वर्षं होत आली. पण बाजाराच्या दिवशी तुम्ही यायचात. भाजीच्या पिशव्या माझ्या टेबलाखाली ढकलून पेपर वाचत बसायचात, आणि मी पुस्तक चुकीच्या कपाटात ठेवताना दिसलो की मान वर न करता म्हणायचात, "तिथं न्हाई रे." परवा एक पोरगी जुन्या नाण्यांवरचं पुस्तक मागायला आली. मी सवयीनं विचारलं, "अक्का, तिसऱ्या कपाटात ना?" पोरीनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. मग मी उठलो आणि सगळी कपाटं पहिल्यापासून शोधत गेलो.

हकीमसाबच्या पेट्या आपल्याकडं आल्या तो दिवस तुम्हाला आठवत असेल. हकीमसाब वारले, नातू हैदराबादला निघाला, आणि जाताना पुस्तकांच्या दोन लोखंडी पेट्या कॉलेजला देऊन गेला. त्यातलं ते मोठं पुस्तक सगळ्या गावाच्या ओळखीचं होतं. माझ्याही. मी लहान असताना ताप उतरंना म्हणून आईनं मला जनवाड्याहून त्यांच्याकडं आणलं होतं. हकीमसाब नाडी बघायचे, पुडी बांधायचे, आणि शेवटी ते पुस्तक दोन्ही हातांनी उचलून आजाऱ्याच्या तोंडासमोर भराभर पानं सोडायचे. "हवा लो, बेटा." जुन्या चामड्याचा आणि कडुनिंबाचा वास यायचा. पुडीपेक्षा त्या हवेवर लोकांचा भरवसा जास्त होता.

तुम्ही नोंदवहीत लिहिलंत, "युनानी वैद्यक. भाषा कळत नाही." मी पुट्ठ्याच्या आत डकवलेली उर्दू चिठ्ठी वाचत होतो. आमचे अप्पा निजामाच्या शाळेत दोन इयत्ता शिकलेले, त्यांनी मेंढरामागं फिरताना मला ती अक्षरं मातीत काढून शिकवली होती. चिठ्ठीत हकीमसाबच्या आजोबांनी लिहिलं होतं, की ही युनानी किताब गोऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतली.

"अक्का, ही दवाईची न्हाई," मी म्हणालो. "युनान म्हंजे ग्रीस. अप्पा सांगायचे, सिकंदर युनानचा व्हता."

"मग हकीमसाब काय ग्रीक वाचायचे व्हय रे?"

"न्हाई ना. त्यांच्या आज्याला लिलावात कुणीतरी म्हणलं असंल, युनानी किताब हाय. आज्याला वाटलं, आपल्याच धंद्याची."

तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. "अरे देवा! गावच्या गाव ग्रीकची हवा खाऊन बरं झालं की!" मग एकदम उठलात आणि अकरावीचं त्रिकोणमितीचं पुस्तक घेऊन आलात. एका पानावर बोट, दुसऱ्या पानावर बोट. "हा बघ थीटा. हा पाय. हा लॅम्डा, फिजिक्सवाल्यांचा. बिरू, व्हय रे. ग्रीकच हाय."

त्या दुपारी आपण कुणालाच पुस्तक दिलं नाही, घेतलं नाही. पानं कापडासारखी जाड होती, छपाई काळीभोर. समासात तांबूस शाईतली बारीक अक्षरं, दोन-तीन निरनिराळ्या हातांची, आणि कुठंकुठं ओळीकडं बोट दाखवणारा छोटा पंजा काढलेला. या सगळ्यांच्या मधून हकीमसाबच्या आजोबांचं उर्दू. मुलेठी. सौंफ. गुलबनफ्शा. छापलेलं एक अक्षर वाचता येत नसताना त्या माणसानं शेजारी आपली औषधं लिहून ठेवली होती.

त्यावरून आपला वाद सुरू झाला. तुमचं म्हणणं, हे वाचणं नव्हे, पुस्तकाचा देव्हारा करणं आहे. मी म्हणायचो, त्यांनी जे जाणलं ते त्यांनी समासात लिहिलं, आणखी काय करतात वाचणारे? तुम्ही दर वेळी नवा मुद्दा आणायचात, मी दर वेळी तोच. हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. आता तुमची बाजू मलाच मांडावी लागते. ती मला नीट जमत नाही, म्हणून मीच जिंकतो, आणि त्यात काही गंमत नाही.

मग तुम्ही हैदराबादच्या एका अभ्यासक बाईंना इंग्रजीत पत्र लिहिलंत आणि टाइप करायला माझ्याकडं दिलंत. मी टाइप केलं. "मला असे आढळून आले की हकिमांच्या संग्रहातील हा ग्रंथ वैद्यकाचा नसून ग्रीक भाषेतील आहे." मला. पत्रभर सगळीकडं तुमचंच "मी". चिठ्ठी कुणी वाचली, युनान म्हणजे काय हे कुणी सांगितलं, त्याचा कुठं उल्लेख नव्हता. तुम्ही मुद्दाम केलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. सरकारी पत्रं तशीच लिहायची सवय तुम्हाला. मी तोंडानं "अक्का, माझं नाव घाला की" एवढं म्हणालो असतो तर तुम्ही जीभ चावून लगेच घातलं असतं. मी म्हणालो नाही. पत्र पानांच्या फोटोंसकट पाकिटात घातलं, चिकटवलं, पोस्टात टाकलं.

महिन्याभरानं उत्तर आलं. फोटोंवरून दिसतं त्याप्रमाणे हा ग्रंथ पाचशे वर्षांपूर्वी इटलीत छापलेला असावा, प्राचीन ग्रीकांचं शास्त्रविषयक लिखाण पहिल्यांदा छापलं गेलं त्या वेळचा, असं बाईंनी लिहिलं होतं. मी स्वतः येते, तोवर कुणी हात लावू नका. तुम्ही धुतलेल्या पांढऱ्या कापडात पुस्तक बांधलंत आणि स्वतःच्या कपाटात खालच्या खणात ठेवलंत. "बिरू, हिला आता माशीनं बी शिवू नये." प्राचार्य पाहून गेले. संस्थेचे अध्यक्ष पाहून गेले. प्रत्येक जण तुम्हाला म्हणाला, "बाई, कमाल केलीत तुम्ही." मी चहा नेऊन देत होतो.

आता ते सांगतो.

दर वर्षी फाटकी पुस्तकं बाइंडिंगला जायची. यादी मी करायचो, कागदाच्या अगदी तळाशी तुम्ही सही करायचात, आणि मध्ये चार-पाच ओळी कोऱ्या ठेवायला लावायचात. "जागा ठेव रे, तुला मागनं आठवतंय." तशी ती पद्धतच पडली होती आपली. त्या वर्षी यादीवर सही करून तुम्ही भाचीच्या लग्नाला उदगीरला गेलात, तीन दिवस. कपाटाची दुसरी किल्ली माझ्याकडं होती. मी पुस्तक काढलं, कापडाची घडी करून खणात ठेवली, आणि तुमच्या सहीच्या वर, कोऱ्या ओळीत लिहिलं. युनानी, जुने, नग एक.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की पुट्ठा निखळला होता, बाई येण्याआधी पुस्तक नीट दिसावं म्हणून मी पाठवलं. अक्का, ते खरं नाही. बाइंडर रज्जाकभाईंच्या दुकानातलं कापायचं यंत्र मी कैक वेळा पाहिलं होतं. प्रत्येक पुस्तक ते तीन बाजूंनी कापून सरळ करतात, हे मला ठाऊक होतं. समासात काय आहे, हेही तुमच्याइतकंच मला ठाऊक होतं. ते नासावं असं मला वाटत होतं का? नाही. पण ज्याला कुणी हात लावायचा नाही ते चार दिवस माझ्या शब्दानं कुठंतरी जावं, एवढं मला हवं होतं. त्याच्यापुढचं मी डोळ्याआड केलं.

रज्जाकभाईंनी पुस्तक हातात घेऊन विचारलं, "ये क्या है रे बिरू?"

"युनानी."

"हकीमसाब का? फिर तो इसकू अच्छा बांधना पडेंगा."

त्यांनी खरंच जीव ओतून बांधलं. त्यांनाही लहानपणी हवा मिळालेली. मरून रंगाचं रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरात "युनानी", आणि तिन्ही बाजू सुरीसारख्या सरळ. त्यांचा यात काही दोष नव्हता, हेही इथं लिहून ठेवतो.

लग्नाहून आल्यावर तुम्ही आधी कपाट उघडलंत. पदरात माझ्यासाठी बुंदीची पुडी होती.

"बिरू, ग्रीक कुठाय?"

"बाइंडिंगला गेलं, अक्का."

"कुणी पाठवलं?"

"यादीत व्हतं की. सही हाय तुमची."

हे तीन शब्द मी बोललो. सही हाय तुमची. तुम्ही यादी मागून घेतलीत, बराच वेळ तिच्याकडं पाहत राहिलात. मला वाटलं, आता विचारतील, ही ओळ कधी लिहिलास? विचारलं असतं तर मी सांगून टाकलं असतं, असं मला आजही वाटतं. पण तुमच्या मनात माझ्याबद्दल तसं यायला जागाच नव्हती. तुम्ही म्हणालात, "व्हय. हाय." आणि पुडी माझ्यासमोर ठेवून चपला घातल्यात.

आपण दोघं चालत रज्जाकभाईंकडं गेलो. पुस्तक वाळत ठेवलेलं होतं, वर दगड. तुम्ही उघडलंत. समास कापले गेले होते. बोट दाखवणाऱ्या पंजाची बोटं राहिली होती, मनगट गेलं होतं. जुने पुट्ठे म्हणजे लाकडाच्या फळ्याच होत्या. त्या कुठं गेल्या विचारल्यावर रज्जाकभाईंच्या बायकोनं आतून आवाज दिला, "एक रांजनपर ढाकी ना बाजी, अच्छी लकडी है. होना क्या तुमकू?" तुम्ही म्हणालात, "राहू द्या." आणि मग विचारलंत, कातरण कुठाय?

कातरणाचं पोतं अजून होतं. ते आपण ग्रंथालयात आणलं. पुढचे कितीतरी रविवार मागच्या खोलीत चटईवर ते पोतं ओतून आपण समोरासमोर बसलो. परीक्षेच्या वह्या, रसायनाची पुस्तकं, हजेरीपट, सगळ्यांच्या पट्ट्या एकात एक. जाड, पिवळी, तांबूस शाईची पट्टी सापडली की तुम्ही "सापडली!" म्हणून लहान पोरीसारखं ओरडायचात. मग ती कुठल्या पानाची ते जुळवायची. दुपारी तुम्ही डब्यातली ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढं सरकवायचात. तुमचं घर, तुमचं माहेर, तुम्हाला मैसूरला जाऊन जुनी कागदपत्रं सांभाळायचं काम शिकायचं होतं, ते सगळं मला त्या चटईवर कळलं.

एक सांगतो, आणि हे सांगायला मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त लाज वाटते. ते रविवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. मी केलेल्या नासाडीची राख आपण चाळत होतो, आणि मी सुखात होतो. शनिवारी मला वाटायचं, उद्या फार पट्ट्या सापडू नयेत, नाहीतर काम संपेल.

हैदराबादच्या बाई आल्या. हातात पांढरे मोजे घालून त्यांनी पुस्तक उघडलं आणि मिटलं. मग पुन्हा उघडलं. छापलेला भाग जगात आणखी काही ठिकाणी मिळेल, त्या म्हणाल्या, पण हाताचं लिहिलेलं फक्त इथं होतं. जाता जाता एका पानावर थांबून त्यांनी आपल्याला समजावलं, की इथं मेंढ्यांबद्दल लिहिलंय, आणि हे आपल्याला मेंढपाळांनी सांगितलं असंही लिहिणाऱ्यानं नमूद केलंय. तुम्ही इतक्या दुःखातसुद्धा माझ्याकडं वळून हळूच म्हणालात, "ऐकलास का बिरू? तुमच्या लोकांचं नाव निघालंय." मी बाहेर जाऊन नळाला तोंड लावलं आणि बराच वेळ तिथंच उभा राहिलो.

आत आलो तेव्हा अध्यक्ष विचारत होते, बाइंडिंगला पाठवलं कुणी?

"यादीवर सही माझी आहे," तुम्ही म्हणालात. "न वाचता केली. चूक माझी."

मी दारात होतो. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण मी दार अडवलं होतं. मी बाजूला झालो. एवढंच केलं मी.

तुमच्या सेवापुस्तकात शेरा पडला, ग्रंथपालांचा गंभीर निष्काळजीपणा. मैसूरला पाठवायचं नाव मागं घेतलं. तुम्ही त्यावर एकदाही बोलला नाहीत. सापडलेल्या पट्ट्या एका वहीत चिकटवून त्यांच्यावर पानांचे आकडे घातलेत, आणि प्रस्तावनेच्या जागी एक ओळ लिहिलीत, की हा ग्रंथ युनानी वैद्यकाचा नाही हे सर्वप्रथम श्री. बिरप्पा यांनी ओळखले. ती ओळ मला दाखवलीत. मी म्हणालो, "कशाला, अक्का?" तुम्ही म्हणालात, "पत्रात राहून गेलं व्हतं रे."

त्या दिवशीही मी बोललो नाही.

तुमच्या शेवटच्या आजारात बिदरच्या दवाखान्यात मी दोनदा आलो, ते सांगायलाच. पहिल्यांदा खोलीत माणसं होती. दुसऱ्यांदा तुम्ही एकट्याच होतात. मी मोसंबी सोलत बसलो. तुम्ही माझ्याकडं पाहत होतात.

"काय सांगायचंय रे? तोंड असं कामून केलायस?"

"काही न्हाई, अक्का. बसला उशीर झाला, त्याचंच."

"जा मग. भालकीची बस चुकंल."

बसला अजून दोन तास होते. मी उठून गेलो. स्टँडवर बाकावर बसून राहिलो, आणि बस आली तेव्हा तीही सोडली. पुढची येईपर्यंत परत दवाखान्यात जाता आलं असतं. गेलो नाही. आठवडाभरानं फोन आला.

गेल्या सोमवारी मी प्राचार्यांना लेखी दिलं. यादीतली शेवटची ओळ ग्रंथपालांच्या सहीनंतर मी घातली, त्यांना त्याची कल्पना नव्हती, सेवापुस्तकातला शेरा माझ्या नावावर घ्यावा. प्राचार्य नवीन आहेत, त्यांना पुस्तकही ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "जाऊ द्या ना बिरप्पा, बाई गेल्या, आता कोण विचारायलंय?" कुणीच विचारत नाही, हे खरं आहे. हे ज्याला ठाऊक व्हायला हवं होतं असं एकच माणूस होतं. तरी मी कागद फाईलीला लावून घेतला, आवक क्रमांक टाकून घेतला, आणि अंकात छापून येण्याआधी विद्याला सांगावं म्हणून तुमच्या घरी गेलो.

तुमच्या लेकीनं सगळं ऐकून घेतलं. मी म्हणालो, "विद्या, मला बोल काहीतरी. शिव्या दे." ती मला मामा म्हणते, लहानपणापासून. ती म्हणाली, "मामा, आई कुठलाबी कागद दोनदा वाचायची. ठाव हाय का तुम्हाला?"

मी म्हणालो, नाही.

"माझं प्रगतिपुस्तक दोनदा. गॅसची पावती दोनदा. कुरियरवाला दारात उभा, आणि ही चष्मा शोधायली. आम्ही सगळे हसायचो तिला. माझ्या लग्नात नोंदणीच्या कागदावर सही करायला पंधरा मिनिटं लावली, नवऱ्याकडचे लोक खोळंबले, मी सगळ्यांसमोर ओरडले तिच्यावर." मग म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी नर्सनं कागद आणला. सगळ्यांच्या सह्या झालेल्या, हिचीच राहिलेली. अक्षर दिसंना, तरी वाचायलीच. एकदा वाचला, परत पहिल्यापासून सुरू. मी म्हणलं, आई, कर ना गं सही, कामून असं करायलीस? तर म्हणाली, एकदा न वाचता केली व्हती, बाई. आता न्हाई."